सोसायटीच्या सामायिक विकीवरील निवडक पानांना पासवर्डसह एन्क्रिप्शन कसे करावे?

कापूरबावडी

नमस्कार. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीने तीन वर्षांपूर्वी स्वतःचा छोटा विकी (मिळून लिहायच्या वेबपानांचा संग्रह) सुरू केला. ऑफिसातल्या एका जुन्या संगणकावर डोकुविकी हे विकीचे सॉफ्टवेअर बसवले आहे. टाकी धुण्याच्या तारखा, लिफ्टच्या देखभाल कराराची मुदत, कोणत्या विंगचा पंप कोणत्या पॅनलवरून चालतो, पाणीकपातीच्या दिवशी टँकर कोणाकडून मागवायचा, अशी माहिती त्यावर हळूहळू जमत गेली. पूर्वी हे सारे सेक्रेटरींच्या डोक्यात आणि खजिनदारांच्या डायरीत असे, आणि दोघे एकाच वेळी गावी गेले की पंप हमखास बंद पडे.

आता त्यावर तीन प्रकारची नाजूक पाने तयार झाली आहेत. पहिली सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे आणि राउटरचे पासवर्ड असलेली, दुसरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांचे आजार आणि नातेवाइकांचे फोन असलेली, आणि तिसरी थकबाकीदारांबाबत वकिलांशी झालेल्या पत्रव्यवहाराची. ही पाने फक्त समितीच्या सात जणांना दिसतील अशी परवानगीची व्यवस्था आम्ही केलेली आहे. तरीही गेल्या महिन्यात संपूर्ण बॅकअप असलेला पेनड्राइव्ह स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात राहिला. दुसऱ्या दिवशी तो तिथल्या ड्रॉवरमध्ये मिळाला, पण मधल्या वेळेत तो कोणी उघडला की नाही हे कळण्याचा मार्ग आमच्याकडे नाही.

एवढी तीन पाने पासवर्डने एन्क्रिप्ट व्हावीत, म्हणजे पासवर्डाविना वाचता न येणाऱ्या सांकेतिक मजकुरात बदलावीत, आणि बाकीचा विकी आहे तसा उघडा राहावा, असे मी सहसचिव या नात्याने समितीपुढे मांडणार आहे. कोणी असे केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे. सातपैकी चार जण साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे उपाय त्यांना झेपणारा हवा, ही एक अट आहे.

ऐरोलीकर

ताई, तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. विकीतली परवानगी म्हणजे गेटवरचा वॉचमन. गेटमधून येणाऱ्याला तो अडवतो, पण सामानच भिंतीवरून बाहेर गेले तर त्याचा काही उपयोग नाही. डोकुविकीत प्रत्येक पान ही साधी मजकुराची फाइल असते. पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल तो ती नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतो, आणि तिथे परवानगी तपासणारे कोणीच नसते.

म्हणून सर्वांत आधी बॅकअपच एन्क्रिप्ट करा. सेव्हन-झिप या फाइली बांधण्याच्या प्रोग्राममध्ये ७झेड प्रकारच्या फाइलीला पासवर्ड दिल्यास एईएस-२५६ ही भक्कम एन्क्रिप्शन पद्धत वापरली जाते, आणि फाइलींची नावेही लपवण्याचा एक पर्याय तिथे असतो, तो आठवणीने निवडा. तुमच्यावर ओढवलेला प्रसंग एवढ्यानेच टळला असता, पानांना हातही लावावा लागला नसता. पाने वेगळी एन्क्रिप्ट करायची असतील तर त्यासाठी दुसरे काही कारण हवे. ते आहे का, हे कृपया सांगावे.

कापूरबावडी

बॅकअपचे पटले, आणि ते आजच सुरू करते. दुसरे कारणही आहे. ऑफिसातला संगणक दुरुस्तीला येणारा मुलगा आणि विकी सांभाळणारे दोन उत्साही रहिवासी यांना डिस्कवरचे सर्व काही दिसते. त्यांच्यावर अविश्वास नाही, पण एखाद्या आजींना कोणती गोळी चालू आहे हे त्यांना दिसण्याचे कारणही नाही.

ऐरोलीकर

मग पानांचे एन्क्रिप्शन अर्थपूर्ण ठरते, पण ते ब्राउझरमध्येच व्हायला हवे. सर्व्हरवर, म्हणजे विकी बसवलेल्या ऑफिसातल्या संगणकावर, एन्क्रिप्ट करणारी सोय घेतली तर पासवर्ड आणि उघडा मजकूर, दोन्ही आधी सर्व्हरपर्यंत जातात, म्हणजे ज्यांच्यापासून जपायचे त्यांच्याच हाती आपण ते नेऊन देतो. ब्राउझरमधल्या पद्धतीत पान लिहिणाऱ्याने पासवर्ड दिला की मजकूर त्याच्याच संगणकावर गुंडाळला जातो आणि सर्व्हरकडे केवळ अक्षरांची निरर्थक माळ पोहोचते. वाचणाऱ्याने तोच पासवर्ड दिला की ती त्याच्या ब्राउझरमध्ये उलगडते.

त्यासाठीचे प्लगइन, म्हणजे विकीला जोडायची जादा सोय, निवडताना मी पुढील गोष्टी पाहतो. माणसाने दिलेला पासवर्ड थेट किल्ली म्हणून वापरलेला नसावा. तो पीबीकेडीएफ२ किंवा आरगॉन२ यांसारख्या मुद्दाम संथ केलेल्या प्रक्रियेतून जायला हवा, म्हणजे चोराला दर सेकंदाला अब्जावधी पासवर्ड चाचपून पाहता येत नाहीत. पीबीकेडीएफ२ हे एसएचए-२५६ या हॅश पद्धतीसोबत वापरताना ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ६,००,००० फेऱ्यांची आहे. जुन्या प्लगइनमध्ये हा आकडा एक हजार आढळला तर ते बाजूला ठेवावे. प्रत्येक पानासाठी सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायचा यादृच्छिक भाग, वेगळा हवा. एन्क्रिप्शन एईएस-जीसीएम पद्धतीचे असेल तर उत्तम, कारण त्यात कोणी मजकुरात ढवळाढवळ केल्यास ती उलगडतानाच उघड होते. मात्र तिथे प्रत्येक वेळी जतन करताना नवा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, लागतो. त्याच किल्लीने तोच नॉन्स दोनदा वापरला गेला तर सगळी तटबंदी ढासळते.

आणखी एक व्यवहारातली अडचण आहे. ब्राउझरची अंगभूत क्रिप्टो सुविधा फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा त्याच संगणकावरून उघडलेल्या पत्त्यावर चालते. सोसायटीच्या वायफायवर १९२.१६८ ने सुरू होणारा साधा पत्ता टाकून तुम्ही विकी उघडत असाल, तर ती सुविधा मिळणारच नाही आणि प्लगइन काही न बोलता गप्प बसेल. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली आहे.

मासुंदाकाठ

एन्क्रिप्शनचे गणित ठीक आहे, पण विकी म्हणजे विसरता न येणारी वही आहे, हे इथे अजून कोणी बोललेले नाही. विकीची सारी गंमतच जुन्या आवृत्त्या जपण्यात आहे, आणि आपल्या या कामात तीच वैरीण होते.

महापे येथील माझ्या आधीच्या कार्यालयात आम्ही सर्व्हरच्या पासवर्डांचे पान मोठ्या थाटात एन्क्रिप्ट केले. दोन महिन्यांनी मी दुसऱ्याच कशासाठी तरी 'ॲटिक' नावाचे फोल्डर उघडले. डोकुविकी त्यात प्रत्येक पानाची प्रत्येक आवृत्ती दाबून ठेवतो, आणि फाइलीच्या नावातच जतन केल्याचा क्षण सेकंदांत असतो. आमच्या त्या पानाच्या एकोणीस फाइली तिथे होत्या. शेवटच्या दोन उघडल्या तर अगम्य अक्षरांची भिंत दिसली. त्याआधीची, सतरावी, उघडली आणि सगळे पासवर्ड एकाखाली एक, टिंबे देऊन नीट रांगेत मांडलेले मिळाले. फाइल उघडण्यासाठी एक आज्ञा पुरली, कोणताही पासवर्ड लागला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाण तपासते. शोधासाठीच्या अनुक्रमणिकेत पानातले शब्द राहिलेले असतात. पानाच्या माहितीच्या फाइलीत सुरुवातीच्या मजकुराचा सारांश असतो. पान संपादित करत असताना मसुदा आपोआप जतन होत राहतो, म्हणजे तुम्ही 'जतन करा' दाबून एन्क्रिप्शन होण्याच्या आधीच उघडा मजकूर सर्व्हरवर गेलेला असतो. ज्या प्लगइनने हे थांबवलेले नाही ते वापरूच नये. आणि सर्वांत मजेशीर प्रकार ईमेलचा: ज्यांनी पानाच्या बदलांची सूचना मागवलेली असते त्यांना जुन्या आणि नव्या मजकुरातला फरक ईमेलने जातो. आमचे पान एन्क्रिप्ट झाले त्या क्षणी 'काय काढून टाकले' या मथळ्याखाली सगळे पासवर्ड चार जणांच्या इनबॉक्समध्ये पोहोचले होते.

कापूरबावडी

आपला प्रतिसाद वाचून मी आज दुपारी ऑफिसात जाऊन बसले. आमच्याकडे डीव्हीआरच्या पानाच्या अकरा जुन्या आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीत आधीच्या सेक्रेटरींनी सोयीसाठी सोसायटीच्या नेटबँकिंगचा युजर आयडी लिहून ठेवला होता आणि पुढे खोडला होता. पानावरून तो खोडला गेला, पण फोल्डरात तसाच होता. मसुद्यांत काही सापडले नाही. शोधाच्या चौकटीत एका गोळीचे नाव टाकून पाहिले, तर निकालात ज्येष्ठांचे पान लगेच आले. अर्थात मी समितीची सदस्य म्हणून आत शिरलेली होते, परंतु तो शब्द अनुक्रमणिकेत आहे एवढे त्यातून सिद्ध झाले.

जुन्या आवृत्त्या पुसून टाकाव्यात काय?

मासुंदाकाठ

पुसाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या आवृत्त्या आजवरच्या प्रत्येक बॅकअपमध्येही आहेत. जो पासवर्ड एकदा उघडा लिहिला गेला तो फुटला असे समजून थेट डीव्हीआरवरच बदलावा. मग जुना कागद कोणाच्या हाती लागला तरी बिघडत नाही. आजारपणाची माहिती मात्र बदलता येत नसते, म्हणून त्या पानाच्या बाबतीत जुने बॅकअप शोधून नष्ट करणे एवढाच मार्ग उरतो. नवीन एन्क्रिप्टेड पान जुन्या पानावर न लिहिता कोऱ्या नावाने तयार करावे, म्हणजे इतिहास शून्यापासून सुरू होतो.

येऊरपायथा

मी तंत्रज्ञ नाही, सोसायटीच्या कारभारात बरीच वर्षे काढलेला माणूस आहे. चर्चा उपयुक्त चालली आहे, परंतु कुलूप लावण्याचा उत्साह कुठे थांबवायचा हेही ठरवावे, असे सुचवतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार प्रत्येक सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची आणि समितीच्या सभांचीही इतिवृत्ते, तसेच त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा अधिकार आहे. उद्या समितीच्या हाती पासवर्डचे साधन आले की अडचणीचे इतिवृत्तही 'संवेदनशील' ठरू लागेल. मी हे कागदी कपाटाच्या बाबतीत घडताना पाहिलेले आहे. किल्ली नेमकी त्याच दिवशी सापडत नसे. वकिलांचा पत्रव्यवहार राखून ठेवावा, पण त्याच पानावर समितीचा ठराव चिकटवलेला असेल तर तो आधी वेगळा काढून उघड्या पानावर ठेवावा.

ज्येष्ठांच्या यादीबद्दल मला अधिक चिंता वाटते. मी स्वतः त्या वयाचा आहे. रात्री अडीच वाजता वीज गेली, लिफ्ट मध्येच अडकली आणि आत ऑक्सिजनवर असलेला माणूस असला, तर वॉचमनने त्या वेळी पासवर्ड कोणाला विचारायचा? जी माहिती संकटात लागते ती सर्वांत कडक कुलपात ठेवणे मला चुकीचे वाटते.

ऐरोलीकर

काका, आपला मुद्दा मान्य आहे. यादीचे दोन भाग करता येतील. फ्लॅट क्रमांक, 'मदतीची गरज आहे' एवढी खूण आणि एका नातेवाइकाचा फोन हा भाग वॉचमनच्या केबिनमध्ये छापील स्वरूपात राहू द्यावा, आणि आजार व औषधे एन्क्रिप्टेड पानावर असावीत.

येऊरपायथा

हे योग्य आहे. मात्र दोन्ही भागांसाठी त्या त्या व्यक्तीला विचारून तिची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे, आणि कायदा नसता तरी एखाद्याचा रक्तदाब परस्पर लिहून ठेवणे शोभणारे नव्हे. आमच्या इमारतीत विचारले तेव्हा तिघांनी नाव काढून टाकायला सांगितले आणि एका आजींनी आणखी दोन आजार जोडून दिले.

मासुंदाकाठ

डीव्हीआर आणि राउटरच्या पासवर्डांबाबत माझे मत ऐरोलीकरांपेक्षा वेगळे आहे. ते विकीवर असूच नयेत, एन्क्रिप्ट करूनही नाही. ब्राउझरमध्ये मजकूर उलगडणारा प्रोग्राम शेवटी सर्व्हरच पाठवतो. ज्याच्या हाती सर्व्हर आहे त्याने त्या प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या, तर तुम्ही टाइप केलेला पासवर्ड त्याच्याकडे जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. म्हणजे ही पद्धत चोरीला गेलेल्या डिस्कपासून आणि सहज डोकावणाऱ्यापासून वाचवते, ठरवून दगा देणाऱ्या व्यवस्थापकापासून वाचवत नाही. पासवर्डांसाठी कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामची एक फाइल करावी. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावरील प्रोग्राममध्ये उघडते, आणि विकीवर 'फाइल कुठे आहे' एवढेच लिहावे.

ऐरोलीकर

पासवर्डांपुरते मी हे मान्य करतो. परंतु सात जणांना, त्यांतही चार ज्येष्ठांना, नवा प्रोग्राम शिकवण्यापेक्षा विकीचे पान सोपे, असे माझे म्हणणे होते. टिडलीविकीसारखा पर्यायही आहे. त्यात सगळा विकी एकाच एचटीएमएल फाइलीत असतो आणि ती पूर्ण फाइल पासवर्डने एन्क्रिप्ट करता येते. पण ती फाइल एका वेळी दोघांनी बदलली की कोणाची खरी धरायची, असा गोंधळ होतो. सामायिक कामाला ती सोयीची नाही.

नौपाडा७२

माझा अनुभव पासवर्ड टाइप करण्यासंबंधीचा आहे. किरकोळ वाटेल, पण आमच्या वाचनालयाचे एक पान त्यापायी चार दिवस बंद राहिले.

आम्ही हौसेने देवनागरीत पासवर्ड ठेवला होता आणि त्यात 'दऱ्या' हा शब्द होता. ऑफिसातल्या संगणकावर पान उघडे, माझ्या फोनवर मात्र उघडेना. दोन्हीकडे शब्द अगदी सारखा दिसत होता. शेवटी एकाने अक्षरांचे संकेतांक काढून दाखवले. संगणकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त होता, तर फोनच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घातले होते. पडद्यावर दोन्ही 'ऱ्या' सारखेच उमटतात, पण एन्क्रिप्शनच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण चालू केले तर नुक्ता निराळा टाइप केलेला ऱ जुळतो, परंतु हे अदृश्य जोडचिन्ह ते काढत नाही. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचीही अशीच गडबड होते.

मग आम्ही मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून पाहिले. पाणी लिहिताना मी एक ए घातला, ग्रंथपाल बाईंनी दोन. आता डाइसवेअरच्या छापील यादीतले सहा छोटे इंग्रजी शब्द वापरतो. त्या यादीत ७,७७६ शब्द आहेत, फासा पाच वेळा टाकला की एक शब्द ठरतो. फासा आम्ही नातवाच्या लुडोतून घेतला. शब्द स्वतःच्या मनाने निवडायचे नाहीत, हा मात्र नियम आहे. आमच्या एका सदस्याच्या मनातून पहिला शब्द कुलदैवताचाच निघाला होता.

कापूरबावडी

हा प्रतिसाद मी समितीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. आमचे अध्यक्ष देवनागरी पासवर्डासाठीच आग्रही होते.

आता शेवटचा प्रश्न किल्लीचा. समितीची मुदत पाच वर्षांची असते, मध्ये कोणी राजीनामा देतो, कोणी फ्लॅट विकून जातो. दर वेळी काय करायचे?

ऐरोलीकर

लिनक्समधील डिस्क एन्क्रिप्शनची, म्हणजे लक्सची, रचना यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथे डेटा एका यादृच्छिक किल्लीने बंद होतो आणि ती किल्ली प्रत्येकाच्या वेगळ्या पासवर्डाने गुंडाळून स्वतंत्र खणांत ठेवली जाते. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत असे आठ खण होते. एक माणूस गेला की त्याचा खण पुसायचा, बाकीच्यांना काही बदलावे लागत नाही. पानांचे साधे प्लगइन मात्र एकच सामायिक पासवर्ड ठेवते, त्यामुळे माणूस बदलला की नव्या पासवर्डाने पान पुन्हा एन्क्रिप्ट करणे भाग आहे. जुन्या आवृत्त्या तेव्हाही जुन्याच पासवर्डाने उघडतील, म्हणून त्याही काढाव्यात.

आदी शामिर यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक सुंदर पद्धत आहे, जिच्यात किल्लीचे पाच तुकडे करून कोणतेही तीन एकत्र आले तरच ती तयार होते. मला ती फार आवडते.

येऊरपायथा

पासवर्ड लिहून तिघांच्या सह्यांनी बंद केलेले पाकीट हे काम करते. फडताळातून काढण्याआधी चिकटवलेली कड आणि सह्या पाहाव्यात.

ऐरोलीकर

काका, हरलो.

कापूरबावडी

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. झाले ते असे. डीव्हीआर व राउटरचे पासवर्ड बदलले आणि कीपासएक्ससीच्या फाइलीत गेले. ती फाइल मी, खजिनदार आणि अध्यक्ष उघडतो, बाकी चौघांनी स्वतःहून नको म्हटले. विकीवर दोनच पाने एन्क्रिप्टेड आहेत, औषधांचे आणि वकिलांच्या पत्रव्यवहाराचे. दोन्ही कोऱ्या नावाने तयार केली, त्यांच्या ईमेल सूचना बंद केल्या, जुनी पाने ॲटिकसह काढली आणि शोधाची अनुक्रमणिका नव्याने बनवली. ठराव उघड्या पानावर हलवले. विकीला आता एचटीटीपीएस आहे.

एक तोटा मान्य करायला हवा. पूर्वी औषधांच्या पानावर कोणी काय बदलले हे इतिहासात पाहता येत असे. आता कोणीही एक स्वल्पविराम घातला तरी दोन आवृत्त्यांमधला फरक म्हणून आख्खी माळ बदललेली दिसते. त्यामुळे पानाच्या शेवटी तारीख आणि बदल हाताने लिहायचे ठरवले आहे, आणि आतापर्यंत दोघे ते विसरले आहेत.

गेल्या मंगळवारी खजिनदारांकडून संपादन करताना त्या माळेतले एक अक्षर खोडले गेले आणि पान कोणालाच उघडेना. आदल्या दिवशीची आवृत्ती परत आणली तेव्हा ते उघडले. मासुंदाकाठ ताईंची वैरीण तेवढ्यापुरती कामी आली.

नौपाडा७२

पाकीट कुठे ठेवले?

कापूरबावडी

ऑफिसच्या लोखंडी कपाटात, आय रजिस्टरच्या (सभासदांच्या नोंदवहीच्या) खाली. कपाटाची दुसरी किल्ली सापडत नाही, ती नवी करून घ्यायची आहे.